रुखमाबाईच्या जामाला सुई कोणी टोचली

रुखमाबाई खोब्रागडे यांना कोणी साधं "कशा आहात?" म्हणून विचारलं, तरी त्या उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याचं तोंड न्याहाळायच्या. हा आज काऊन इतका गोड बोलून राह्यला? याला काय पाहिजे? स्वभावच तसा. आणि खोटं कशाला बोला, पस्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून जंगलकाठच्या गावांत पायी फिरायचं, तर असा स्वभाव अंगी बाणतोच. नवरा सांगतो बायको पायरीवरून पडली, तर बाई आधी जाऊन पायरी बघायच्या. सासू सांगते सून पोटभर जेवते, तर बाई आधी सुनेची खालची पापणी ओढून बघायच्या. त्या संशयापायी कितीतरी जीव वाचले, हे चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यात कोणालाही विचारा. पण त्याच संशयापायी बाईंनी एका भल्या माणसाला भर गावात चोर ठरवलं, तीही गोष्ट झालेली आहे, आणि ती सांगताना कोणाची भीडमुर्वत ठेवायचं कारण नाही.

पांढरबोडी हे त्यांचं गाव. मूलहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागायचं, मधेच डांबर सोडायचं, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं ओलांडायची, बोडीच्या म्हणजे छोट्या तळ्याच्या पाळीवरून जायचं, की गाव. गावाच्या शेवटी बाईंचं घर, घरामागे कुंपण, कुंपणामागे सागाचं जंगल. कोरोनाच्या वर्षी त्या रिटायर झाल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा नागपुरात. "चल" म्हणतो, पण ही बाई हलेल तर शपथ! अंगणात त्यांची जामाची झाडं होती. आपल्याकडे पेरूला जाम म्हणतात, पुण्यामुंबईच्या लोकांनी उगाच पावाला लावायचा जाम समजू नये. आतून लाल निघणारे, हाताएवढे मोठे जाम. बाईंना त्यांचा भारी अभिमान.

तर सप्टेंबर सरत आला होता. बायनाबाई ही त्यांचे जाम मूलच्या बाजारात नेऊन विकायची. त्या दिवशी ती भरली टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत आली आणि ओट्यावर आदळली.

"नर्सबाई, घ्या आपला माल. माह्यानं नाई विकनं होत."

"काऊन? सडले का?"

"सडले असते तं बरं होतं! लोक म्हनून राह्यले, नर्सबाई जामाले इंजेक्शन टोचते. गोड व्हाचं इंजेक्शन. एका पोट्ट्यानं मोबाइलवर फोटो टाकला, साऱ्या बाजारात फिरला. हे पाहा, सोताच पाहा."

बाईंनी जाम हातात घेतला. सालीवर एक बारीक गोल भोक, भोवती तपकिरी कडं. दाबलं तर भोकातून रसाचा बुडबुडा आला. भोक बघताच बाईंच्या मनानं आपसूक नंबर सांगितला होता. बावीस नंबरची सुई. दुसरा घेतला, तिसरा घेतला. कशावर एक भोक, कशावर चार.

आता बघा, हेच भोक एखाद्या माळ्याच्या जामावर दिसलं असतं, तर लोकांनी किडा म्हणून सोडून दिलं असतं. पण नर्सबाईच्या जामावर भोक म्हणजे सुईच! गंमत अशी की खुद्द नर्सबाईलाही सुईशिवाय दुसरं काही सुचलं नाही. त्यांचं आणि लोकांचं एकमतच झालं म्हणायचं. फक्त सुई धरणारा हात कोणाचा, एवढाच वाद होता.

पहिला संशय बायनाबाईवर. हिनंच तर टोचले नसतील? पण तिला विकूनच पोट भरायचं, ती कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडेल. मग शेजारचे, मग मोबाइलवाला पोट्टा. सगळ्यांना तपासून सोडून दिल्यावर बाईंचं मन एका नावापाशी जाऊन थांबलं, आणि खरं सांगायचं तर ते पहिल्यापासून तिकडेच निघालं होतं. जंगू मडावी.

जंगू बोडीपलीकडच्या टोल्यातला, म्हणजे छोट्या वस्तीतला, गोंड माणूस. बाईंच्याच वयाचा. रोज जंगलात जायचा, कधी सरपण, कधी वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, जे मिळेल ते घेऊन दिवस मावळताना बाईंच्या कुंपणाकडेच्या पायवाटेनं परतायचा. आणि त्याला राग असायला कारण होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच्या लेकराला, आदेशला, बाईंनीच कुल्ल्यावर लस टोचली होती. ती जागा पिकली. पोर तापानं फणफणलं, चंद्रपूरच्या दवाखान्यात महिनाभर पडलं. जीव वाचला, पण एक पाय बारीक राहिला तो राहिलाच. आदेश आजही पाय ओढत चालतो. तेव्हा बाईंनी डॉक्टरांना सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं, की पोराच्या आईनं, सोमारीनं, टोचल्या जागेवर जंगलातल्या पाल्याचा लेप लावला, म्हणून पिकलं. लेप तिनं लावला होता हे खरंच. झालं, प्रकरण मिटलं. पण जंगूच्या मनातून मिटलं नसणार, असं बाईंना सत्तावीस वर्षं वाटत होतं. आता त्यानं सुईचा सूड सुईनं घेतला!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर पाण्याला गर्दी होती. जंगू बादली भरत होता. बाई तरातरा गेल्या.

"जंगूभाऊ, सुई कुठी लपवली?"

"कोनती सुई, बाई?"

"माझ्या जामाले टोचून राह्यला ते. पोराच्या पायाचा राग काढतो का माझ्या झाडांवर? मर्द असशील तर तोंडावर बोल!"

बोरिंगचं हँडल हलवणारी बाई हलवायची थांबली. जंगूनं बादली खाली ठेवली, बाईंकडे बघितलं, काही तरी बोलेल असं वाटलं, आणि मग बादली उचलून तो टोल्याकडे चालता झाला. एक शब्द नाही. बाईंच्या मते निर्दोष माणूस ओरडतो, शिव्या देतो, आभाळ डोक्यावर घेतो. जंगू ओरडला नाही, म्हणजे चोर तोच. वा रे न्याय!

याचं फळ दोन दिवसांत मिळालं. रश्मी ही गावची नवी नर्स, वयानं बाईंच्या मुलीसारखी, कामाला वाघीण. ती लसीचा डबा खांद्याला लावून थेट बाईंच्या ओट्यावर येऊन बसली. तोंड उतरलेलं.

"सिस्टर, आज टोल्यात लसीचं सेशन होतं. एकही बाई आली नाही. एक पण नाही."

"काऊन?"

"तुम्ही विचारता काऊन? म्हणतात, नर्सबाई जामात काय टोचते माहीत नाही, अन् वरून आमच्या जंगूभाऊवर आळ घेते. सुईवाल्यांचा भरवसाच नाही म्हणतात. सिस्टर, पलीकडच्या गावात गोवर निघाला आहे. तीन लेकरं पुरळानं भरली, एक चंद्रपूरला भरती आहे. टोल्यात आठ लेकरं गोवराच्या लसीची राहिली. आदेशची दिव्या नऊ महिन्यांची आहे. तुम्ही चला. दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील."

"चोराच्या दारात जाऊन मी काय बोलू? आधी त्याले रंगेहाथ पकडते, मग सांगते साऱ्या टोल्याले."

रश्मी उठली. एरवी ती बाईंना उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"गोवर तुमच्या चोरासाठी थांबणार नाही, सिस्टर. मी परवा सकाळी पुन्हा सेशन लावते. यायचं तर या."

त्याच संध्याकाळी बाई जामाच्या झाडाखाली पिढा टाकून बसल्या. मांडीवर बॅटरी, हाताशी काठी, अंगाला डासांचं तेल. सहाला अंधारून आलं. पायवाटेवर पावलं वाजली, जंगू आला, खोकला, आणि झाडांकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. बाईंना हायसं वाटायला हवं होतं ना? उलट त्या खट्टू झाल्या. मेला आज नेमका टोचायचा राहिला! परत येईल म्हणून त्या बसूनच राहिल्या.

सात वाजले असतील. डोक्यावरच्या फांदीत काही तरी फडफडलं. मग दुसरीकडे. बाईंनी श्वास रोखला आणि एकदम बॅटरी मारली. माणूस नव्हता. मात्र एका जामावर दोन लाल निखारे चमकत होते. शेजारच्या जामावर आणखी दोन. बाईंनी आयुष्यात साप, विंचू, वाघाचा माग, सगळं बघितलं होतं, तरी त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हळूच जवळ जाऊन बघितलं तर जामाला एक वाळकं पान चिकटलेलं. मेलेल्या पानाचाच रंग, पानासारखीच शीर, टोकही पानासारखं. पानाला डोळे कसे? बाईंनी झडप घालून पान मुठीत धरलं आणि ते मुठीतच उघडलं. आत भडक नारिंगी!

"अवो माय!" म्हणून बाई दोन पावलं मागे गेल्या. बॅटरी पडली. पण मूठ सोडली नाही, तेवढं त्यांचं श्रेय मान्य करायलाच हवं.

ते पाखरू होतं. चांगलं तळहाताएवढं पाखरू. वरचे पंख सुक्या पाल्याचे, आणि त्यांच्याखाली झाकून ठेवलेले नारिंगी पंख, काठाला काळी पट्टी, मधोमध काळा ठिपका. बाईंनी मच्छरदाणीचा तुकडा आणला आणि तासाभरात चार पाखरं पकडून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली.

एखादा दुसरा असता तर म्हणाला असता, सापडला चोर. रुखमाबाई इतक्या सहज मानणाऱ्या नव्हत्या. त्यांचा संशय आता पाखरावर फिरला. हे जामावर बसतं खरं, पण टोचतंही हेच, कशावरून? पाखराची सोंड म्हणजे मऊ दोरा, ती फुलात जाते, जामाच्या कडक सालीत कशी जाईल? जंगूनं आधी टोचलं असेल आणि हे मेलं फुकटचं प्यायला येत असेल, तर? म्हणजे बघा, जंगूला सोडायची त्यांची तयारी नव्हती.

मग त्यांनी रीतसर तपास केला. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचं भिंग काढलं. एका पाखराची गुंडाळलेली सोंड टाचणीनं सरळ केली आणि दिव्याखाली धरली. सोंडेचं टोक मऊ नव्हतं. काळं, टणक, टोकदार, आणि त्याला करवतीसारखे दाते. बाईंनी हजारो बोटांतून मलेरियाच्या तपासणीचं रक्त काढलेलं, टोचायचं हत्यार त्या ओळखणार नाहीत तर कोण? तरीही खात्री म्हणून त्यांनी एक अखंड जाम घेतला, सगळीकडून भिंगानं बघून घेतला, एक भोक नाही याची नोंद वहीत केली, आणि मच्छरदाणीच्या पिशवीत तो जाम आणि ते पाखरू एकत्र बांधून खुंटीला टांगलं. सकाळी जामावर तीन भोकं होती. बावीस नंबरची.

तेव्हा कुठे बाई खाटेवर टेकल्या. पण तपास पुरा झाला नव्हता. मलेरियाचं काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. डास मारून ताप जात नाही, डासाची अळी कुठल्या पाण्यात वाढते ते शोधावं लागतं. हे पाखरू वाढतं कुठं? आणि त्याचं नाव काय? कारण डासाची जात कळल्याशिवाय त्याचं पाणी कळत नाही, तसंच हेही असणार.

बरणी पदराखाली धरून त्या सकाळच्या एसटीनं मूलला गेल्या. तिथल्या ज्युनियर कॉलेजात प्रफुल वाकडे नावाचे जीवशास्त्राचे सर होते, किड्यामुंग्यांसाठी वेडे. सरांनी बरणी बघितली आणि लहान मुलासारखे खुलले.

"बाई, कुठं मिळाले हे? बसलेला पतंग बघून नाव सांगू नका कधी. वरचे पंख फसवायलाच असतात. खालचे उघडले की खरं कळतं." त्यांनी चिमट्यानं एकेकाचे पंख उघडून दाखवले. "हा बघा. नारिंगी पंखावर गोल टिकली. आणि हा बघा."

दुसऱ्याच्या नारिंगी पंखावर टिकलीऐवजी घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा काळा डाग होता.

"एक नर, एक मादी," बाई ठामपणे म्हणाल्या.

"चुकलात. दोन वेगळ्या जाती. चुलत बहिणी म्हणा. पुस्तकात दोघींचं घराणं युडोसिमा. फळं टोचून रस पितात. बाहेर संत्रावाले हैराण असतात यांच्यापायी. संध्याकाळी धूर करा, फळांना कागदी पिशव्या बांधा, कमी होतील."

"अन् अळी? अळी कुठी वाढते?"

सरांनी चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. असा प्रश्न त्यांना वर्गात कोणी विचारत नसावं. "बरोबर विचारलंत. फळ हे यांचं मोठेपणचं खाणं. लहानपणी फळाला तोंड लावत नाहीत, तेव्हा लागते वेल. गुळवेल, वासनवेल. दोघींचं बाळंतपण तिथंच. तुमच्या घराजवळ गुळवेल आहे का?"

"जंगलात आहे," बाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. जंगलात आहेच. पण सांगायचं ते बाईंनी सांगितलं नाही, आणि एसटीत खिडकीशी बसल्यावर तेच त्यांना आठवत राहिलं. कोरोनाच्या साली त्यांनीच गुळवेलीची कांडी आणून कुंपणाला लावली होती. साऱ्या गावाला काढा पाजला होता. वेल माजली, सागावर चढली, पूर्ण कुंपण झाकून गेलं, आणि कोणी फांदी तोडली तर बाई अंगावर धावून जायच्या. औषधाची वेल आहे, हात लावायचं काम नाही!

घरी येऊन त्यांनी चप्पल न काढता कुंपण गाठलं. पानं उलटायला लागल्या. चौथ्या पाचव्या पानाखाली ती होती. काळसर मखमली अळी, बोटाएवढी. धक्का लागताच तिनं मान खाली दुमडली, बूड वर उचललं, आणि अंगावरचे दोन रंगीत खोटे डोळे बाईंवर वटारले. पुढच्या पानाखाली दुसरी. वर तिसरी. पावसाळ्यात बाईंनी त्या बघितल्या होत्या, नवल वाटून सोडूनही दिल्या होत्या. पस्तीस वर्षं हीच बाई दारोदार जाऊन लोकांचे रांजण उलटे करत होती. "ताप बाहेरून येत नाई, बाबा, तुमच्याच घरच्या पाण्यात जन्मतो," असं बजावत होती. आणि आज तिच्याच कुंपणावर!

बाईंना हसू आलं, मग ते हसू गेलं. जंगूनं काही केलेलं नव्हतं. ना सुई, ना सूड. मग आपल्याला पहिल्या क्षणी तोच का आठवला? बाई कुंपणाशी मातीतच बसल्या. दुसऱ्या कोणाचाही संशय त्या तपासत होत्या, जंगूचा तपासला नव्हता. कारण त्यांना मनातून वाटत होतं की जंगूनं सूड घ्यावा इतकं आपण केलेलं आहे.

आदेशला लस टोचली त्या वर्षी वापरून फेकायच्या सुया नव्हत्या. काचेची पिचकारी आणि सुई रॉकेलच्या स्टोवर वीस मिनिटं उकळायची, मग टोचायची. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बायका बांधीतलं काम टाकून लेकरं घेऊन आल्या होत्या. आदेशची पाळी शेवटची होती आणि रॉकेल संपलं. पाणी नुसतं कोमट झालं होतं. सोमारी म्हणाली, उद्या येऊ का बाई? उद्या ती आली नसती, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी तीच सुई घेतली आणि टोचली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लेप आठवला, आणि तोंडातून लेपच निघाला. सोमारीनं ते जन्मभर स्वतःवर घेतलं. आठ वर्षांपूर्वी ती गेली, तेही त्याच समजुतीत.

हे बाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि उद्या सकाळी टोल्यात सेशन होतं.

सकाळी अंगणवाडीच्या ओसरीत रश्मीनं डबा मांडला होता. आठही आया आल्या होत्या, पण ओसरीच्या खाली, उन्हात, लेकरं छातीशी घट्ट धरून उभ्या होत्या. रुखमाबाईंनी येते म्हणून आदल्या रात्री रश्मीजवळ निरोप दिला होता, म्हणून ऐकायला आल्या होत्या, टोचून घ्यायला नव्हे. जंगू एका कडेला उकिडवा बसलेला. आदेश भिंतीला टेकून उभा, बारीक पाय पुढे टाकून. बाईंनी बरणी आणि भोकं पडलेला जाम ओसरीवर ठेवला, सगळं सांगितलं, सोंडेचं टोक भिंगातून एकेकीला दाखवलं. शेवटी जंगूकडे वळल्या.

"चूक माझी झाली, जंगूभाऊ. भर बोरिंगवर तुमच्यावर आळ घेतला, म्हणून भर टोल्यात माफी मागते. पाखरंही माझ्याच वेलीवर वाढली."

जंगूनं बरणी उचलून आत बघितलं. "हे पाखरू तं आमी लहानपनापासून पाहून राह्यलो. सीताफळावरही बसते."

"मग त्या दिवशी बोलले काऊन नाई?"

"तुमी विचारलं कुठी, बाई? तुमी तं सांगितलं."

बायका हसल्या. रश्मीच्या जिवात जीव आला. पण इतवारी नावाची एक म्हातारी पुढे आली. तोंडात दात नाही, पण शब्द चांगले धारदार.

"जामाचं समजलं, नर्सबाई. जामाले पाखरानं टोचलं. अन् या आदेशच्या पायाले? तेही पाखरानंच टोचलं का?"

रश्मीनं डोळ्यांनीच बाईंना विनवलं. आता नको काही, लेप म्हणा आणि सोडा, आठ लेकरं आहेत. आणि बाईंनाही ते कळत होतं. सुई अशुद्ध होती असं आज, इथे, सुईच्याच डब्याशेजारी उभं राहून सांगितलं, तर या आया पाठ फिरवतील आणि गोवर आठ घरांत शिरेल. नाही सांगितलं, तर इतवारी मान हलवून म्हणेल की या लोकांचं असंच असतं.

"सुई उकळली नव्हती," त्या म्हणाल्या. "रॉकेल संपलं होतं. पाणी कोमट होतं, तरी मी टोचली. लेपानं काही झालं नाही. सोमारीचा काही दोष नव्हता. मी खोटं सांगितलं अन् लिहून दिलं. आता रश्मीकडे पाकीटबंद सुया आहेत, एका लेकराले एक, वापरली की फेकली. हिचं काम माझ्यासारखं नाई. माझा राग हिच्यावर काढू नका, हात जोडते."

आदेश भिंतीपासून सरळ झाला. तो ओरडला असता तर बाईंनी सहन केलं असतं.

"माही माय मरेपर्यंत झाडाच्या पाल्याले हात लावत नोती," तो म्हणाला. "पोट दुखलं तरी नाई." आणि पाय ओढत, मागे न बघता, तो जंगलाच्या वाटेनं निघाला.

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीनं लेकरू खांद्यावर टाकलं आणि ती वळली. दुसरी तिच्यामागे निघाली. रश्मीनं डब्याचं झाकण लावायला हात पुढे केला. तेवढ्यात जंगू उठला.

"थांबा वो," तो बायकांना म्हणाला. मग बाईंसमोर येऊन उभा राहिला. "मले मालूम होतं, बाई. त्या दिशी मी भाईरच बसलो होतो. तुमचा स्टो भरभर करत मधातच बंद पडला, अन् मंग वाजलाच नाई. मी सोमारीले सांगितलं, सुईनं झालं, तुह्या पाल्यानं नाई. तिनं मानलंच नाई. म्हने, नर्सबाई खोटं नाई बोलत."

रुखमाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पस्तीस वर्षांत गावानं त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. त्यांनी कधी कोणाचा शब्द तपासल्याशिवाय मानला नव्हता, आणि सोमारीनं त्यांचा मानला होता, स्वतःच्या नवऱ्याचा शब्द डावलून.

"रडू नका," जंगू म्हणाला. "इतके वर्स तिचं ते बोलनं खोटं होतं. आज खरं झालं तिचं." आणि तो सुनेकडे वळला. "आन वो दिव्याले. पह्यले तिले टोचा."

सून क्षणभर वाटेकडे, जिथे आदेश दिसेनासा झाला होता, बघत राहिली. मग ओसरीवर चढली आणि लेकीला मांडीवर घेऊन बसली. रश्मीनं नवं पाकीट सगळ्यांसमोर फाडलं. दिव्या टाहो फोडून रडली. वळलेल्या दोघी परत आल्या, इतवारीनं आपल्या नातसुनेला पुढे ढकललं, आणि दुपारपर्यंत आठही लेकरं टोचून झाली. आदेश मात्र त्या दिवशी अंधार पडेपर्यंत घरी आला नाही.